मुक्काम पोस्ट त्सुमागो

प्रवासाला मराठीत जेवढे शब्द आहेत त्यापेक्षा मुक्कामाला अधिक आहेत, असे कधी कधी वाटते. धर्मशाळा, मठ, चावडी, सराई, मुसाफिरखाना, डाक बंगला, खाणावळ, उतारा, वस्ती, बिऱ्हाड. प्रत्येक शब्दाबरोबर माणूस बदलतो. धर्मशाळेत यात्रेकरू उतरायचा, चावडीवर सरकारी शिपाई, मठात बैरागी आणि डाक बंगल्यात साहेब. रात्र साऱ्यांची सारखीच, पण छप्पर ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे. म्हणून एखाद्या जुन्या वाटेवरच्या उताऱ्याच्या जागा नीट पाहिल्या, तर त्या काळचा सारा समाज वरपासून खालपर्यंत उभा राहतो. किल्ले आणि राजवाडे हे काम करत नाहीत. त्यांच्यात फक्त धन्याची बाजू दिसते.

आपल्याकडे अशा पुष्कळ जागा पडल्या, पाडल्या गेल्या किंवा कशाकशाची गोदामे झाल्या. जिथे अशी एक अख्खी वाट शाबूत राहिली आहे, ती पाहायला बरेच दूर जावे लागते. जपानच्या मध्यभागी किसो नावाची नदी डोंगरांच्या दोन रांगांमधून वाहते. तिच्या खोऱ्यात त्सुमागो आणि मागोमे अशी दोन खेडी आहेत. दोहोंमध्ये सुमारे आठ किलोमीटरचा घाट आहे. सुरू आणि देवदारासारख्या उंच सरळ झाडांचे रान, मधून मधून भाताची खाचरे, दोन धबधबे आणि आठशे मीटरच्या आसपास उंचीची एक खिंड. जगभरचे लोक आज तिथे पायी चालायला आणि जुन्या लाकडी घरांत एक रात्र काढायला जातात. निसर्ग सुंदर आहे यात वाद नाही. पण त्या घरांत ज्यांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांची अंथरुणे घातली, त्यांची हकिगत त्या निसर्गाहून अधिक ऐकण्यासारखी आहे. आणि ती सीमाभागातल्या माणसाने ऐकावी, असे तिच्यात आणखीही काही आहे.

ही वाट म्हणजे नाकासेन्दो. शब्दाचा अर्थ साधारण ‘डोंगरांमधला मधला रस्ता’. सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा घराण्याने जपानची सत्ता हाती घेतली आणि एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथून पाच राजमार्ग आखले. एदोहून सम्राटाच्या क्योतोकडे जायला त्यांतले दोन होते. एक समुद्राकाठचा तोकाइदो. त्यावर ५३ टप्पे. दुसरा डोंगरांतून जाणारा नाकासेन्दो, लांबी सुमारे ५३० किलोमीटर, त्यावर ६९ टप्पे. टप्पा म्हणजे एक गाव. तिथे घोडे बदलायचे, हमाल बदलायचे, टपाल पुढे द्यायचे आणि रात्र काढायची. किसोच्या खोऱ्यात असे ११ टप्पे होते. एदोकडून मोजले तर त्सुमागो बेचाळिसावा आणि मागोमे त्रेचाळिसावा. समुद्राकाठच्या रस्त्याला मोठमोठ्या नद्या आडव्या येत आणि पूर आला की दिवसेंदिवस खोळंबा होई. डोंगरवाट चढउताराची खरी, पण भरवशाची. म्हणून लग्न होऊन एदोला जाणाऱ्या राजघराण्यातल्या मुलींचे मेणे बहुधा याच वाटेने गेले आणि तिला ‘राजकन्यांची वाट’ असेही नाव पडले.

या वाटेला खरी वर्दळ आली ती एका कायद्याने. १६३५ मध्ये शोगुन इएमित्सु याने प्रांतोप्रांतीच्या सरदारांना, म्हणजे दाइम्योंना, आळीपाळीने एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या मुलखात राहण्याची सक्ती केली. बायकामुलांनी मात्र कायम एदोतच राहायचे. सरळ शब्दांत सांगायचे तर ती ओलीस होती. सरदार जाता-येता शेकडो माणसांचा लवाजमा घेऊन निघे. त्यात त्याची तिजोरी रिकामी होई आणि बंडाची ताकद उरत नसे. वाटेत किसो-फुकुशिमा येथे मोठा नाका होता. एदोकडे चोरून बंदुका जात नाहीत ना आणि एदोतून चोरून बायका बाहेर पडत नाहीत ना, या दोन गोष्टी तिथे कसोशीने तपासत. बंदूक आत जाणे आणि बायको बाहेर पडणे, राज्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच धोक्याचे!

आता गावात शिरू. अशा टप्प्याच्या गावाच्या तोंडाशी रस्ता मुद्दाम काटकोनात वळवलेला असतो, म्हणजे शत्रू आलाच तर त्याला सरळ घुसता येऊ नये. जवळच सरकारी हुकमांच्या फळ्यांचा चौथरा असतो. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून लाकडी घरे. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, दर्शनी बाजूला बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी, आणि काही छपरांवर लाकडी फळ्या उडू नयेत म्हणून ठेवलेले दगडगोटे. घरांची तोंडे रस्त्यावर अरुंद आणि आत लांबच लांब. आपल्या जुन्या पेठांतल्या सोपा, माजघर, परसू अशा रचनेच्या घरांत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटू नयेत.

या घरांची उतरंड ठरलेली होती. सर्वांत वर ‘होनजिन’. इथे फक्त दाइम्यो, दरबारी आणि बडे अधिकारी उतरत. पैसे आहेत म्हणून व्यापाऱ्याला तिथे जागा मिळत नसे. होनजिनला स्वतंत्र दरवाजा आणि आत थोडी उंच जमिनीची खास खोली असे. ते चालवणारे घराणे गावचा कारभारही पाही. म्हणजे पाटीलकी आणि उतारा एकाच घरात. त्याखाली ‘वाकी-होनजिन’, म्हणजे दुय्यम उतारा. त्याखाली ‘हातागो’. इथे सामान्य वाटसरूला जेवणासह जागा मिळे. आणि सर्वांत तळाला ‘किचिन-यादो’.

किचिन या शब्दाचा अर्थ लाकडाचे पैसे, म्हणजे सरपणाची किंमत. या उताऱ्यात जेवण मिळत नसे. वाटसरूने आपला शिधा आणायचा, घरमालकाच्या चुलीवर शिजवायचा आणि जळणापुरते पैसे द्यायचे. रात्री एकाच दालनात सगळ्यांनी आडवे व्हायचे. त्सुमागोत ‘कामि-सागाया’ नावाचे अठराव्या शतकातले असे एक घर आजही पाहायला मिळते. मधोमध चूल, काळी पडलेली तुळई आणि उघडी जमीन. धर्मशाळेत तीन दगड मांडून पिठलेभात रांधणारा आपला यात्रेकरू आणि किचिन-यादोत ज्वारी-बाजरीसारखे भरड धान्य शिजवणारा तिथला फेरीवाला यांची भेट झाली असती, तर भाषा कळली नसती, पण एकमेकांचे चटकन कळले असते. फरक एकच. धर्मशाळा पुण्यासाठी बांधली जाई. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थांवर धर्मशाळा उभ्या केल्या त्या श्रद्धेने. किचिन-यादोत पुण्याचा प्रश्न नव्हता. मोळीभर लाकडाचा रोकडा हिशेब होता. तरीही गरिबातल्या गरीब वाटसरूला छप्पर मिळत होते, हे महत्त्वाचे.

चित्रकारांनी या वाटेला अमर केले. १८३५ नंतरच्या काही वर्षांत एइसेन आणि हिरोशिगे या दोघांनी मिळून नाकासेन्दोच्या सर्व टप्प्यांची रंगीत ठशांची मालिका काढली. मागोमेचे चित्र एइसेनचे आहे आणि त्सुमागोचे हिरोशिगेचे. त्या चित्रांत डोंगर आहेत, वाट आहे, ओझी वाहणारी माणसे आहेत. आपले लक्ष डोंगरांकडे जाते. आता जरा ओझ्यांकडे पाहू.

सरकारी ओझी वाहायला प्रत्येक टप्प्याने माणसे आणि घोडे तयार ठेवायचे, असा नियम होता. नाकासेन्दोवर साधारण ५० माणसे आणि ५० घोडे. किसोचे खोरे गरीब आणि जमीन थोडी, म्हणून तिथल्या टप्प्यांना सूट देऊन २५ माणसे आणि २५ घोडे. बड्यांच्या कामाचा मोबदला नाममात्र किंवा काहीच नाही. वर्दळ वाढली तसे हे पुरेना. मग आसपासच्या खेड्यांवर ‘सुकेगो’ नावाची सक्ती आली. टप्प्याला माणसे कमी पडली की या खेड्यांनी आपली माणसे आणि जनावरे पाठवायची, मग पेरणी असो की कापणी. याला आपल्याकडे एकच शब्द आहे. वेठ. स्वारी आली की गावातली माणसे वेठीला धरायची, ही रीत आपल्या मुलखाने चांगलीच पाहिली आहे. बिगाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे जपानी असो की दख्खनी, मानेला सारखेच रुतते.

या वेठीविरुद्ध लोक उठलेही. १७६४ च्या अखेरीस शोगुनच्या सरकारने नाकासेन्दोच्या पूर्वेकडच्या भागात सुकेगोचा बोजा आणखी खेड्यांवर टाकायचे ठरवले. तेव्हा मुसाशी आणि आसपासच्या प्रांतांतले शेतकरी जमावाने एदोच्या दिशेने निघाले. त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास सांगतात. श्रीमंत सावकारांची आणि ठेकेदारांची घरे फुटली. सरकारला तो बेत मागे घ्यावा लागला. पुढे पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या, पण रस्ता पाहून खूश होणाऱ्या प्रवाशाला आणि रस्ता वाहणाऱ्या गावकऱ्याला तो एकसारखा दिसत नाही, हे इतिहासात कायमचे नोंदले गेले.

सर्वांत मोठी स्वारी आली १८६१ मध्ये. सम्राट कोमेइ याची बहीण काझुनोमिया हिचे लग्न शोगुन इएमोचीशी ठरले होते. डळमळणाऱ्या शोगुनशाहीला सम्राटाच्या घराण्याचा टेकू हवा होता आणि त्यासाठी या कोवळ्या मुलीला क्योतो सोडून एदोला जावे लागले. तिच्या बरोबरची माणसे हजारोंनी मोजावी लागत. मिरवणुकीचे तोंड पुढच्या टप्प्याला पोचले तरी शेपूट मागेच असे, आणि एका गावातून सारा लवाजमा जायला दिवसच्या दिवस लागत. त्या दिवसांत किसोच्या खेड्यांनी किती माणसे, किती अंथरुणे, किती तांदूळ पुरवला असेल याचा विचार करावा. एवढे करून हाती काय आले? सहाच वर्षांनी शोगुनशाही संपली.

डोंगरातल्या या लोकांना जगायला दुसरे साधन होते ते जंगल. आणि तेच त्यांचे नव्हते. किसोचे रान ओवारी घराण्याच्या ताब्यात होते. हिनोकी हे तिथले सर्वांत मोलाचे झाड. सरळ, सुगंधी आणि न कुजणारे. इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्याला हेच लाकूड लागते. हिनोकीसह पाच जातींची झाडे तोडायला रयतेला बंदी होती आणि एका झाडामागे एक मुंडके, अशी शिक्षेची ख्याती होती. दाराशी सोन्यासारखे रान आणि घराला लावायला मात्र हलके लाकूड. जंगल खात्याच्या हद्दीला लागून ज्यांची शेते आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१८६८ मध्ये मेइजी राज्यक्रांती झाली. मागोमेच्या होनजिनचा त्या वेळचा मालक शिमाझाकी मासाकी हा मोठा विद्वान आणि भाबडा देशभक्त होता. परकी विचारांनी झाकून गेलेला आपला प्राचीन धर्म आणि आपली विद्या पुन्हा वर येईल, सम्राटाचे राज्य आले म्हणजे रयतेचे रान रयतेला मिळेल, अशी त्याची मनापासून श्रद्धा होती. घडले उलटे. पूर्वी गावकऱ्यांना निदान जिथे पाय ठेवता येत होता, ते रानही नव्या सरकारने सरकारी म्हणून नोंदवून घेतले. मासाकीने खेड्यांच्या वतीने अर्ज केले, तेव्हा त्याचे गावकारभाऱ्याचे पद गेले. १८७४ मध्ये तोक्योत सम्राटाची स्वारी जात असताना त्याने आपली कविता लिहिलेला पंखा गाडीकडे फेकला आणि त्याबद्दल त्याला अटक झाली. शेवटी त्याला वेड लागले. घरच्यांनी त्याला कोंडून ठेवले आणि त्यातच १८८६ मध्ये तो वारला.

या मासाकीचा धाकटा मुलगा म्हणजे आधुनिक जपानी साहित्यातले मोठे नाव, शिमाझाकी तोसोन. जन्म १८७२, मागोमे. बापाची ही शोकांतिका त्यांनी ‘योआके माए’, म्हणजे ‘पहाटेपूर्वी’, या कादंबरीत मांडली. १९२९ ते १९३५ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. एका मोठ्या क्रांतीची गोष्ट त्यांनी राजधानीतून सांगितली नाही. डोंगरातल्या एका उताऱ्याच्या ओसरीवरून सांगितली. कोण आले, कोण गेले, कोणाला किती हमाल लागले, कोणत्या बातम्या कानावर आल्या, यातून सारे युग उभे राहते. राज्ये बदलतात ती वाटेवरच्या यजमानाला आधी कळतात, कारण नवा पाहुणा त्याच्याच दाराशी उतरतो.

दरम्यान वाटच मेली. सरदारांच्या सक्तीच्या फेऱ्या १८६२ पासून ढिल्या पडल्या होत्या. १८७२ मध्ये सरकारी टप्प्यांची पद्धत रद्द झाली. वेठ गेली हे चांगलेच झाले, पण तिच्याबरोबर पोटही गेले. त्सुमागोचे होनजिन उतरवले गेले. एक गोष्ट मात्र जमेची झाली. झाडतोडीची बंदी उठल्यावर त्सुमागोच्या दुय्यम उताऱ्याच्या हायाशी घराण्याने १८७७ मध्ये आपला ‘ओकुया’ नावाचा वाडा संपूर्ण हिनोकीच्या लाकडात नव्याने बांधला. पिढ्यानपिढ्या ज्या झाडाला हात लावता येत नव्हता, त्याचेच खांब, त्याच्याच तुळया. हौस म्हणा की उट्टे म्हणा! हिवाळ्यात जाळीच्या खिडकीतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या त्या वाड्याच्या चुलीवरच्या धुरात उतरतात. ते दृश्य पाहायला आज लोक मुद्दाम जातात.

१९११ मध्ये रेल्वेचा मार्ग पुरा झाला, तो नदीकाठाने. त्सुमागो बाजूला पडले. मागोमेला तर १८९५ आणि १९१५ अशा दोन मोठ्या आगींनी जवळजवळ पुसून टाकले. शिमाझाकींचा होनजिनही पहिल्या आगीत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण माणसे कारखान्यांच्या शहरांकडे निघाली. त्सुमागोत म्हातारी माणसे, गळकी छपरे आणि बंद दारे उरली. गरिबीचा एकच उपकार. नवी घरे बांधायला पैसे नव्हते म्हणून जुनी उभी राहिली.

इथून पुढची हकिगत माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार आहे. गावातल्या लोकांनी आधी घरोघरची जुनी भांडी, हत्यारे आणि कागदपत्रे गोळा करायला सुरुवात केली. १९६७ मध्ये ओकुयाच्या वाड्यात त्यांचे छोटे संग्रहालय झाले. वास्तुइतिहासाचे नामांकित अभ्यासक ओता हिरोतारो यांचे मार्गदर्शन मिळाले. १९६८ हे मेइजी क्रांतीचे शंभरावे वर्ष. त्या निमित्ताने नागानो प्रांताने त्सुमागोच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि तीन वर्षांत तेराशिता भागातली २६ घरे सावरली गेली. त्याच वर्षी ‘त्सुमागोवर प्रेम करणाऱ्यांची सभा’ स्थापन झाली. तिच्यात गावातली सारी कुटुंबे सामील होती. १९७१ मध्ये या सभेने गावाचा ठराव केला. त्यात मुख्य कलमे तीन. विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही.

यातले तिसरे कलम कोणालाही सुचले असते. पहिल्या दोन कलमांत गावाचे शहाणपण आहे. पाहुणे येऊ लागले की मागोमाग पैसेवाले येतात, हे त्यांनी ओळखले. शहरातला व्यापारी चांगली किंमत देऊन चार घरे घेईल, दर्शनी लाकूड तसेच ठेवील आणि आत आपले दुकान थाटेल. घरे राहतील, गाव राहणार नाही. मग ती घरे जपायची कोणासाठी? ज्याने भिंत जपायची त्यानेच तिच्या आत राहिले पाहिजे आणि मिळकतही त्याच्याच घरात आली पाहिजे, असा हा सरळ हिशेब. पूर्वी पाहुणचाराचे नियम एदोहून येत. आता ते गावाने स्वतः केले, आणि जाच झाला तरी तो आपला आपणच घालून घेतलेला.

जाच नाही असे नाही. दुपारच्या वेळी मुख्य रस्त्यावर मोटार आणायची नाही. विजेच्या तारा दर्शनी भागात दिसू द्यायच्या नाहीत. घराची डागडुजीही मनाला येईल तशी करता येत नाही. थंडीच्या दिवसांत लाकडाच्या फटींतून वारा येतो, तो सोसायचा. पुढे १९७६ मध्ये जपान सरकारने ऐतिहासिक वस्त्यांच्या रक्षणाची पहिली यादी केली, तिच्यात त्सुमागो होते. संरक्षित क्षेत्र १२४५ हेक्टरांचे. म्हणजे केवळ दोन ओळी घरे नव्हेत, समोरचे आणि मागचे डोंगरही त्यात आले. घराच्या खिडकीतून दिसणारे रान हाही घराचाच भाग आहे, असे त्यांनी मानले. ज्या रानासाठी मासाकी वेडा झाला, ते निदान या वाटेने गावाच्या नावाला जोडले गेले.

तिथे मुक्कामाला जाणाऱ्याला काय मिळते? हॉटेलची चैन मिळत नाही. घरगुती उताऱ्याला जपानीत ‘मिन्शुकु’ म्हणतात. उंबऱ्याशी जोडे काढायचे. खोलीत खाट नाही, वेताच्या चटईसारखी ‘तातामी’ आणि रात्री तिच्यावर पसरायची गादी, ‘फुतोन’. खोल्यांमधल्या भिंती सरकत्या आणि कागदी, त्यामुळे शेजारच्या खोलीतला खोकलाही आपला वाटतो. जेवणाआधी आंघोळ. बाहेर अंग स्वच्छ धुऊन मगच गरम पाण्याच्या हौदात बसायचे, कारण तेच पाणी सर्वांना वापरायचे असते. जेवण संध्याकाळी लवकर. डोंगरी नदीतला मासा मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला, रानभाज्या, कुट्टूच्या पिठाच्या शेवया, आणि अक्रोड घातलेल्या गोड-खारट चटणीत माखून काडीवर भाजलेला कुटलेल्या भाताचा गोळा, ज्याला ‘गोहेइ-मोची’ म्हणतात. दिवसाची गर्दी उतरून गेली की रस्त्यावर पाण्याच्या पन्हळीचा आवाज तेवढा राहतो. मग कळते की हे गाव पाहण्याचे नसून राहण्याचे आहे.

सकाळी घाटाने मागोमेकडे निघाले की वाटेत अस्वलांना चाहूल लागावी म्हणून ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या असतात. येणाऱ्याजाणाऱ्याने वाजवून पुढे जायचे. खिंडीच्या अलीकडे एका जुन्या घरात चहाचा थांबा आहे. तिथली स्थानिक माणसे वाटसरूला फुकट चहा देतात. उन्हाळ्यात पाणपोई घालणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. दर वर्षी २३ नोव्हेंबरला त्सुमागोत गावकरी जुन्या वेषांत मिरवणूक काढतात. सामुराई, यात्रेकरू, नवरी, हमाल, सारे असतात. एके काळी दुसऱ्यांच्या मिरवणुका ज्यांनी खांद्यावर वाहिल्या, त्यांची नातवंडे-पतवंडे आता स्वतःच्या हौसेने त्याच रस्त्यावरून चालतात.

आता सीमेची गोष्ट. मागोमे हे शिनानो आणि मिनो या दोन जुन्या प्रांतांच्या अगदी कडेला. पुढे ते नागानो प्रांतात गेले आणि पलीकडचे नाकात्सुगावा शहर गिफू प्रांतात. माणसांचा बाजार, इस्पितळ, नोकरी, सोयरिकी बऱ्याचशा नाकात्सुगावाकडे. मागोमे तेव्हा मिसाका नावाच्या गावगटात होते. १९५८ मध्ये या गावाने प्रांत बदलून नाकात्सुगावात जावे की नाही, यावर तीव्र वाद पेटला. अखेर गाव दुभंगले. मोठा भाग गिफूत गेला, मागोमे आणि आसपासच्या वाड्या नागानोतच राहून यामागुची गावाला जोडल्या गेल्या. आपल्याकडे १९५६ मध्ये रेषा ओढल्या गेल्या, त्यानंतर दोनच वर्षांनी.

प्रश्न मिटला नव्हता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी यामागुचीने पुन्हा नाकात्सुगावात सामील व्हायचे ठरवले. नागानोचे त्या वेळचे राज्यपाल तानाका यासुओ हे स्वतः कादंबरीकार. तोसोनांची जन्मभूमी प्रांताबाहेर जाऊ द्यायला त्यांचा विरोध होता आणि त्यांनी विधेयक मांडायचे नाकारले. तेव्हा प्रांताच्या विधानसभेतल्या सभासदांनीच ते डिसेंबर २००४ मध्ये मांडून मंजूर केले. १३ फेब्रुवारी २००५ रोजी मागोमे गिफू प्रांतात गेले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी तुटलेल्या वाड्या एका शहराच्या हद्दीत परत एकत्र आल्या. ओरडा दोन्ही बाजूंनी झाला. साहित्यिकांना वाटले, किसोचा कवी किसोबाहेर गेला. गावकऱ्यांना वाटले, आपला दवाखाना आपल्याच प्रांतात आला. दोघेही खोटे नव्हते.

मागोमेच्या दक्षिणेला शिनचाया येथे तोसोनांच्या हस्ताक्षरातला एक दगड आहे. इथून उत्तरेला किसोची वाट सुरू होते, अशा अर्थाची ओळ त्यावर कोरली आहे. तो जुन्या प्रांतांच्या सीमेवर उभारला होता. २००५ नंतर प्रांताची सीमा सरकून मागोमेच्या खिंडीवर गेली, आणि दगडाच्या दोन्ही बाजू आज गिफूतच आहेत. दगड कोणी हलवला नाही. खोटाही ठरवला नाही. सरकारची हद्द जिथे हवी तिथे जावो, किसोची वाट जिथे सुरू व्हायची तिथेच सुरू होते, एवढेच तो सांगत उभा आहे. आणि पायी चालणारा माणूस खिंडीत पोचतो तेव्हा एका प्रांतातून दुसऱ्यात जातो. त्याला चढ संपल्याचे कळते, हद्द संपल्याची पाटी वाचावी लागते.

आपली तुलना इथे फार ताणू नये. तिथे दोन्ही प्रांतांची भाषा एक, शाळा एका भाषेच्या, पाट्याही एका लिपीतल्या. आपला प्रश्न भाषेचा आहे आणि म्हणून अधिक खोल आहे. पण एक गोष्ट त्या डोंगरी लोकांकडून घेण्यासारखी आहे. सीमा कुठे असावी हे दरवेळी त्यांच्या हातात नव्हते. गाव कसे असावे हे मात्र त्यांनी हातात घेतले. निकाल लागेपर्यंत थांबायचे, मग घर सावरू, असे ते म्हणाले नाहीत. १९४७ मध्ये, युद्ध हरलेल्या देशात खायची भ्रांत असताना, मागोमेच्या गावकऱ्यांनी जळून गेलेल्या होनजिनच्या जागेवर तोसोनांचे स्मारक अंगमेहनतीने उभे केले होते. वेठीला जाणारे हात तेव्हा आपल्या लेखकासाठी राबले.

आपल्या भागातही घाटवाटा आहेत. कोकणातून मीठ आणि मासळी वर आणणाऱ्या, गोव्याकडे धान्य उतरवणाऱ्या. त्यांच्या तोंडाशी असलेल्या गावांत एखादी पडकी धर्मशाळा, एखाद्या मठाची ओवरी, बैल सोडायचा माळ, तळ्याकाठचा एखादा दगडी चौथरा अजून दिसतो. बांधणाऱ्याचे नाव कधी दगडावर कोरलेले असते. तिथे पाणी कोण भरत असे, ओझी कोण उचलत असे, चूल कोण सारवत असे, हे कुठेच कोरलेले नसते. ते फक्त गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. ओकुयाच्या वाड्यातले संग्रहालय आधी भांड्याकुंड्यांनी आणि आठवणींनीच सुरू झाले, सरकारी पैसा मागून आला. या दिवाळीच्या सुट्टीत जी मुले गावी येतील, त्यांनी आजीजवळ बसून एवढे तरी विचारून लिहून घ्यावे, की आपल्या गावात पूर्वी वाटसरू कुठे उतरत असत.